हापूसच्या ऑर्डरसाठीची वेबसाइट: लोक येतात आणि लगेच परत जातात, नेमके कुठे चुकते आहे?

बाग_देवगड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यातल्या एका हापूस बागेच्या वेबसाइटबद्दल सल्ला हवा आहे. बागेतला आंबा मधल्या माणसाशिवाय थेट ग्राहकाला विकणे, एवढाच साइटचा उद्देश. ग्राहक मुख्यतः मुंबई-पुण्याचे. काही जण परदेशात राहतात आणि इथल्या आई-वडिलांच्या पत्त्यावर पेटी पाठवायला सांगतात. लोक बहुतेक व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकवरच्या दुव्यावरून येतात, म्हणजे जवळजवळ सगळे मोबाइलवरून.

साइट वर्डप्रेसवर आहे, दुकानासाठी वूकॉमर्स, थीम विकत घेतलेली. गूगल अ‍ॅनालिटिक्स बाउन्स रेट (आल्यापावली परत जाणाऱ्यांचे प्रमाण) सत्तर टक्क्यांच्या वर दाखवते. ऑर्डरच्या पानापर्यंत पोहोचणारे थोडे आणि त्यांतलेही बरेच अर्ध्यावर सोडून जातात.

सध्याची रचना अशी:

पहिल्या पानावर सर्वांत वर पाच फोटोंचा सरकता स्लायडर. फोटो पीएनजी, प्रत्येकी साधारण ४ एमबी. दोन फोटोंवर मजकूरही त्यातच लिहिलेला आहे (जाहिरातीसाठी केलेली पोस्टर). पान उघडले की नोटिफिकेशनची परवानगी विचारणारी खिडकी येते आणि पाच सेकंदांनी सवलतीचा पॉपअप. स्लायडरखाली बागेची माहिती, मग कुटुंबाची, मग आंबे. भावाच्या जागी 'भावासाठी संपर्क करा' आहे, कारण हंगामात भाव बदलत राहतो. रंग आंब्याचा, म्हणजे पांढऱ्यावर केशरी अक्षरे. मराठी शीर्षके थोडी तुटल्यासारखी दिसतात, ते का ते कळत नाही. ऑर्डरसाठी आधी खाते उघडावे लागते. पैशांसाठी यूपीआयचा क्यूआर कोड पानावर लावला आहे.

पुढच्या हंगामाच्या आत दुरुस्ती करायची आहे. सगळे एकदम जमणार नाही. आधी काय करावे, आणि का?

---

कळफलक

तुमच्या वर्णनातच बरीच उत्तरे आहेत. पण डिझाइनला हात लावण्याआधी तो सत्तर टक्क्यांचा आकडा तपासा, कारण तो जसा दिसतो तसा नसेल.

अ‍ॅनालिटिक्सच्या सध्याच्या आवृत्तीत, म्हणजे जीए४ मध्ये, भेट 'गुंतलेली' धरली जाते ती तीन कारणांनी: पाहुणा १० सेकंदांपेक्षा जास्त थांबला, किंवा त्याने दोन पाने पाहिली, किंवा तुम्ही 'की इव्हेंट' म्हणून नेमलेली एखादी कृती केली. यांतले काहीच झाले नाही तर बाउन्स. आता विचार करा: एखाद्याने पान उघडले, आठव्या सेकंदाला तुमच्या फोन नंबरवर बोट ठेवले आणि फोनवर दोन पेट्या सांगितल्या. हा तुमचा उत्तम ग्राहक, पण हिशेबात तो बाउन्स. म्हणून आधी व्हॉट्सअ‍ॅपच्या दुव्यावरची क्लिक की इव्हेंट करा. बाहेर जाणाऱ्या दुव्यांच्या क्लिक जीए४ आपोआप नोंदवते. त्यांतून व्हॉट्सअ‍ॅपच्या डोमेनची अट लावून वेगळी इव्हेंट तयार करायची आणि तिला की इव्हेंटची खूण करायची. फोन नंबरच्या क्लिक मात्र आपोआप नोंदल्या जात नाहीत, त्यासाठी टॅग मॅनेजर या गूगलच्या मोजणीच्या साधनामध्ये 'टेल' ने सुरू होणाऱ्या दुव्यांचा ट्रिगर बनवावा लागतो. दोन आठवडे असे मोजल्यावर जो आकडा उरेल तो खरा.

आता फोटो. पाच फोटो गुणिले ४ एमबी म्हणजे २० एमबी, म्हणजे १६० मेगाबिट. गूगलचे लाइटहाउस मोबाइलची चाचणी घेताना धीम्या फोरजीचा वेग १.६ मेगाबिट प्रति सेकंद धरते. त्या वेगाने निव्वळ स्लायडर उतरायला १०० सेकंद लागतील. शहरातल्या चांगल्या नेटवर्कवर हे कमी होईल, पण लोकलमध्ये उभ्याने साइट उघडणारा माणूस तेवढाही थांबत नाही. गूगलच्या निकषानुसार पानावरचा सर्वांत मोठा घटक, तुमच्याकडे स्लायडरचा पहिला फोटो, २.५ सेकंदांच्या आत दिसला पाहिजे. ४ सेकंदांच्या पुढे गेला की शेरा 'खराब'. आणि हे १०० पैकी ७५ भेटींत साधले पाहिजे. ऑफिसच्या वायफायवर एकदा पटकन उघडले म्हणून उपयोग नाही.

वर्डप्रेस मोठे फोटो आपोआप लहान करते, मग तुमचे का नाही केले? कारण ते पीएनजी आहेत. आवृत्ती ५.३ पासून वर्डप्रेस २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो चढवताना आटोपता करते, पण पीएनजी त्यातून वगळलेले आहेत. पीएनजी हे लोगो, आकृत्या, पारदर्शक पार्श्वभूमी यांसाठी. आंब्याच्या फोटोला ते कधीच वापरू नये.

काय करायचे ते क्रमाने:

१. मूळ फोटो स्क्वूश या गूगलच्या मोफत साधनात उघडा (ब्राउझरमध्येच चालते). रुंदी १२०० पिक्सेल करा. ३६० रुंदीच्या आणि तिप्पट घनतेच्या मोबाइल पडद्याला १०८० पिक्सेल पुरतात, त्यामुळे यापेक्षा मोठा फोटो वाया जातो.

२. वेबपी प्रकार निवडा, दर्जा ७५. बहुतेक फोटो १०० ते २०० केबीत बसतात. पानांचा, गवताचा बारीक तपशील जास्त असेल तर थोडा मोठा होतो. तिथे दर्जा ६५ वर आणून डोळ्यांनी तुलना करा.

३. स्लायडर काढून टाका आणि एकच फोटो वर्डप्रेसच्या साध्या इमेज ब्लॉकमध्ये लावा. मग वर्डप्रेस स्वतःच ३००, ७६८, १०२४ अशा रुंदीच्या प्रती बनवते आणि ब्राउझर पडद्याप्रमाणे योग्य ती उचलतो. फोटोची रुंदी-उंचीही कोडमध्ये लिहिली जाते, म्हणून फोटो येताना खालचा मजकूर ढकलला जात नाही.

४. पहिल्या फोटोला लेझी लोडिंग (पान सरकवत तिथे पोहोचल्यावरच फोटो उतरवणे) लावू नका. 'सगळे फोटो लेझी करा' असे सांगणारे प्लगइन असेल तर पहिला फोटो त्यातून वगळा. लेझी लोडिंग पानाच्या खालच्या फोटोंसाठी असते. वरच्याला लावले तर तोच सर्वांत उशिरा येतो.

स्लायडर काढाच असे म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे. अनेक थीममधले स्लायडर फोटो सीएसएसच्या (पानाचे रंगरूप ठरवणाऱ्या कोडच्या) पार्श्वभूमीत टाकतात. ब्राउझर एचटीएमएल वाचताना पुढचे फोटो आधीच हेरून मागवायला सुरुवात करतो, पण सीएसएसमध्ये लपलेला फोटो त्याला तेव्हा दिसत नाही. आधी सीएसएस उतरणार, मग स्लायडरची जावास्क्रिप्ट, आणि त्यानंतर फोटोचा नंबर.

राहिली पोस्टर. समजा पोस्टर १९२० बाय ६०० चे आहे आणि त्यात अक्षरे ४० पिक्सेलची आहेत. ३६० रुंदीच्या मोबाइलवर ती पट्टी ११२ पिक्सेल उंच होते आणि अक्षरे साडेसात पिक्सेलची. वाचताच येत नाहीत. गूगलच्या शोधालाही चित्रातल्या मजकुराचा नीट उपयोग होत नाही, आणि अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला तर तिथे काहीच नसते. मजकूर मजकूर म्हणून लिहा, फोटो फोटो म्हणून लावा.

---

अक्षरजुळणी

कळफलक यांच्याशी सहमत. मी फक्त मराठी अक्षरांबद्दल लिहितो, कारण 'तुटल्यासारखी' या एका शब्दात बहुतेक निदान आहे.

विकतच्या थीम इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या असतात. त्यांत शीर्षकांना लेटर-स्पेसिंग (दोन अक्षरांमधली जागा) १ किंवा २ पिक्सेल दिलेले असते. इंग्रजी अक्षरे सुटी असतात म्हणून त्यांना ते शोभते. आपली अक्षरे शिरोरेषेने जोडलेली. मध्ये जागा घातली की शिरोरेषा प्रत्येक अक्षरानंतर तुटते. थीमच्या सीएसएसमध्ये, किंवा 'कस्टमाइझ'मधल्या अतिरिक्त सीएसएसमध्ये, शीर्षके, मेनू आणि बटणे या तिन्हींचे लेटर-स्पेसिंग शून्य करा. बटणांना विसरू नका. तिथे ते हमखास असते.

दुसरी गोष्ट ओळीची उंची. शीर्षकांना थीम १.१ किंवा १.२ देते. त्यात वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या-मात्रा एकमेकांत घुसतात. शीर्षकाला १.४ आणि मजकुराला १.६ ते १.८ ठेवा. बटणाची उंची पिक्सेलमध्ये बांधून टाकली असेल तर 'ऑर्डर' मधला रफार किंवा 'हापूस'चा ऊकार कापला जातो. उंची न बांधता वर-खाली पॅडिंग (आतली मोकळी जागा) द्या.

तिसरी गोष्ट फॉन्ट. थीमच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर ब्राउझर फोनमधला जो असेल तो फॉन्ट घेतो, म्हणून एकाच पानावर आकडे एका वळणाचे आणि अक्षरे दुसऱ्या वळणाची दिसतात. मुक्ता, बलू किंवा नोटो सान्स देवनागरी यांपैकी एक निवडा. तिन्ही मोफत आहेत आणि मराठीसाठी चांगले. प्रत्येक वजन (अक्षरांची जाडी) ही वेगळी फाइल असते, आणि जोडाक्षरांमुळे देवनागरी फाइल रोमनपेक्षा जड असते. मुक्ताची सातही वजने मागवणाऱ्या थीम असतात. तुम्हाला ४०० आणि ७०० पुरे. फाइल डब्ल्यूओएफएफ२ प्रकारची हवी आणि फॉन्ट-डिस्प्लेला 'स्वॅप' द्या, म्हणजे फॉन्ट उतरेपर्यंत मजकूर अदृश्य राहत नाही.

कोणी फॉन्टचा संच काटछाट करून देणार असेल तर त्यांना सांगा की देवनागरीच्या मुख्य पट्ट्याबरोबर जोडणी राखणारी दोन्ही अदृश्य चिन्हे (झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे) आणि रुपयाचे चिन्हही त्यात राहू द्या. ती गाळली की 'दुसऱ्या' अशा रोजच्या शब्दांत आणि भावाच्या आकड्यांत कुठेतरी दुसऱ्याच फॉन्टचा तुकडा दिसू लागतो.

साइटची भाषा वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये मराठी केली आहे का? ती अमेरिकन इंग्रजी राहिली असेल तर पानाच्या कोडमध्ये भाषेची खूण इंग्रजीची पडते. मग स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाने वाचायचा प्रयत्न करतो. शिवाय नोटोसारख्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' स्वतंत्र दिलेले आहेत, ते भाषेची खूण 'एमआर' असेल तरच उमटतात. नाहीतर हिंदी वळणाचे येतात. मराठी वाचकाला पान परके वाटते ते बऱ्याचदा यामुळे, भले कारण त्याला सांगता आले नाही तरी. स्वतःला काम करताना इंग्रजी पडदा हवा असेल तर तो तुमच्या प्रोफाइलमध्ये वेगळा ठेवता येतो.

माहितीपत्रकातला मजकूर जुन्या डीटीपी फाइलमधून आणला असेल तर तोही एकदा तपासा. कृतिदेव किंवा श्रीलिपीतला मजकूर युनिकोड नसतो. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसते. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, पण नंतर माणसाने वाचाच. रफार, 'ऱ्य', 'ऱ्ह', आणि ऱ्हस्व वेलांटीची जागा यांत कन्व्हर्टर चुकतात.

रंगाचे मात्र बदलाच. पांढऱ्यावर केशरीचा काँट्रास्ट (दोन रंगांच्या उजळपणाचे गुणोत्तर) बहुधा तिनाच्याही आत असतो. साध्या मजकुराला किमान ४.५ लागतो. रंग तोच ठेवायचा तर उलटा वापरा: केशरी पट्टीवर काळपट तपकिरी अक्षरे. दुपारच्या उन्हातही वाचता येतील.

---

बाग_देवगड

दोघांचेही मनापासून आभार. लेटर-स्पेसिंग शून्य केले आणि शीर्षके खरोखर जुळली.

भावाबद्दल कोणी सांगेल का? रोज बदलणारा भाव साइटवर कसा ठेवायचा? आणि ऑर्डर अर्ध्यावर सोडणाऱ्यांचे काय?

---

खरेदीखाते

माझ्या मते तुमचा सर्वांत मोठा तोटा तिथेच होतो आहे, फोटोंपेक्षाही जास्त.

आंबा घ्यायला आलेल्या माणसाला तीनच गोष्टी कळायला हव्या असतात: डझनाला किती, माझ्या पत्त्यावर येईल का, आणि कधी येईल. तुमच्या पहिल्या पडद्यावर यांतले एकही उत्तर नाही. 'भावासाठी संपर्क करा' वाचून फोन करणारे थोडे. बाकीचे शेजारच्या टॅबमध्ये भाव दिसणाऱ्या साइटवर जातात. भाव बदलतो ही अडचण नाहीच. 'आजचा भाव' असे लिहून खाली तारीख द्या: फळाचे वजन २०० ते २५० ग्रॅम, डझनाला इतके, २५० ते ३०० ग्रॅम, डझनाला इतके. वूकॉमर्समध्ये एकच 'हापूस' हे उत्पादन ठेवा आणि वजनाचे प्रकार त्याचे पर्याय करा. भाव बदलायला मोबाइलवरच्या वूकॉमर्स अ‍ॅपमधून दोन मिनिटे लागतात. 'पेटी' एवढेच लिहू नका. पेटीत किती डझन हे फळाच्या आकारावर ठरते आणि शहरातल्या ग्राहकाला ते माहीत नसते. 'पेटी, ५ डझन' असे लिहा.

घरपोच खर्च शेवटच्या पायरीवर दाखवत असाल तर तो आधी आणा. शेवटी वाढलेली रक्कम पाहून ऑर्डर सोडणे ही सर्वांत नेहमीची गळती आहे. शिवाय ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या ऑनलाइन रचनांबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत तेरा प्रकार नोंदवले आहेत. किमतीचे भाग लपवून शेवटी उघड करणे हा त्यांतला एक. खोटी घाई ('फक्त २ पेट्या शिल्लक' आणि उलटे चालणारे घड्याळ) हा दुसरा, आणि न विचारता गिफ्ट पॅकिंगचे पैसे टोपलीत टाकणे हा तिसरा. तुमच्या सवलतीच्या पॉपअपमध्ये घड्याळ असेल तर ते ताबडतोब काढा.

वूकॉमर्समध्ये शिपिंग झोन पिनकोडवर बांधता येतात. पुण्यासाठी ४११ आणि पुढे तारका, मुंबईसाठी ४०० आणि पुढे तारका, असे दोन झोन करा आणि प्रत्येकाचा खर्च ठरवा. जिथे पोहोचवत नाही तिथला झोन करूच नका. आंब्याच्या पानावरच पिनकोडची चौकट ठेवा आणि उत्तरात वारही सांगा: 'गुरुवारी निघेल, शनिवारी मिळेल.'

आता फॉर्म. खाते उघडण्याची सक्ती काढा. वूकॉमर्सच्या अकाउंट्सच्या सेटिंगमध्ये पाहुणा म्हणून खरेदीची परवानगी देणारी खूण आहे. वर्षातून एकदा आंबे घेणाऱ्याला तुमच्या साइटचा पासवर्ड नकोच आहे. रकाने एवढेच: नाव, मोबाइल, पिनकोड, पत्ता, जवळची खूण. कंपनीचे नाव, पत्त्याची दुसरी ओळ, देश हे काढा. ई-मेल ऐच्छिक करा.

यानंतर एक चूक सांगतो, जी इंग्रजी सल्ल्यांत सापडणार नाही. ग्राहकाचा कीबोर्ड मराठी असेल तर तो मोबाइल नंबर देवनागरी आकड्यांत लिहितो. फॉर्मची तपासणी फक्त इंग्रजी आकडे ओळखत असेल तर '९८२२…' ला 'चुकीचा नंबर' असा शेरा मिळतो. माणूस पुन्हा पुन्हा बरोबर नंबर लिहितो, साइट पुन्हा पुन्हा चूक म्हणते, आणि तो निघून जातो. उपाय सोपा: तपासणीच्या आधी ० ते ९ हे देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांत बदलणाऱ्या चार ओळी लिहून घ्या. त्याच वेळी मोकळ्या जागा, मधल्या रेघा, सुरुवातीचे शून्य आणि +९१ हेही छाटा. नावाच्या रकान्यात 'फक्त ए ते झेड' अशी अट असेल तर तीही काढा. मराठी नाव नाकारणारी मराठी साइट कोणाला आपली वाटेल?

मोबाइल आणि पिनकोडच्या रकान्यांना आकड्यांचा कीबोर्ड उघडेल अशी सोय करा (इनपुटमोड). रकान्यांतली अक्षरे १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवू नका. आयफोन लहान रकान्यावर बोट ठेवताच पान मोठे करतो आणि 'पुढे' चे बटण पडद्याबाहेर जाते. चूक झाली तर शेरा त्याच रकान्याखाली मराठीत द्या, आणि आधी भरलेले काहीही पुसू नका.

परदेशातल्यांसाठी: पैसे देणाऱ्याचा नंबर आणि पेटी घेणाऱ्याचा नंबर हे दोन वेगळे रकाने करा. दहा आकड्यांची सक्ती फक्त घेणाऱ्याच्या नंबरला. पेमेंट गेटवेकडे (साइटवर पैसे घेऊन देणाऱ्या सेवेकडे) आंतरराष्ट्रीय कार्डांची सोय बहुधा वेगळी मागावी लागते, ती हंगामाच्या आधी सुरू करून घ्या, कारण मंजुरीला वेळ जातो.

क्यूआर कोडबद्दल. ज्या फोनवर पान उघडले आहे त्याच फोनच्या कॅमेऱ्याने त्या पानावरचा कोड स्कॅन कसा करणार? ग्राहकाला स्क्रीनशॉट काढून यूपीआय अ‍ॅपमध्ये गॅलरीतून उघडावा लागतो, मग रक्कम हाताने लिहायची, मग तुम्हाला पावती पाठवायची. चार जागा निसटायच्या. पेमेंट गेटवे लावा, तो फोनमधले यूपीआय अ‍ॅप रकमेसकट उघडतो. तोवर निदान यूपीआय आयडी मजकूर म्हणून द्या आणि शेजारी 'कॉपी करा' हे बटण. क्यूआर फक्त मोठ्या पडद्यावर दाखवा, तिथे तो उपयोगी आहे.

---

दर्यावर्दी

वरचे सगळे पटले, एक मुद्दा सोडून. हंगामात थोड्या पेट्या विकणाऱ्या बागेला वूकॉमर्सची टोपली लागतेच का? भाव, पिनकोड आणि 'व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर द्या' हे एक बटण पुरेल असे मला वाटते. दुव्यात संदेश आधीच भरून ठेवता येतो: 'हापूस, २५० ते ३०० ग्रॅम, ५ डझन, पिनकोड…'. नंबर देशाच्या ९१ सह लिहायचा, पुढे अधिकचे चिन्ह किंवा शून्य नको, नाहीतर दुवा उघडत नाही. पान खूप हलके होते आणि ग्राहकाला माणसाशी बोलल्याचे समाधान मिळते.

पॉपअपबद्दल फारसे कोणी बोलले नाही. पान उघडताच नोटिफिकेशन विचारणे बंद करा. ज्याने अजून आंबाही पाहिला नाही तो 'ब्लॉक' दाबतो, आणि मग त्याला पुन्हा विचारता येत नाही. मोबाइलवर मजकूर झाकणाऱ्या पॉपअपबद्दल गूगलने जानेवारी २०१७ पासून शोधात पान खाली ढकलण्याचा नियम लावलेला आहे. सवलत द्यायचीच तर भावाच्या तक्त्यावर एका ओळीत लिहा. व्हॉट्सअ‍ॅपचे तरंगते हिरवे वर्तुळ ऑर्डरच्या बटणावर येत नाही ना, तेही लहान फोनवर पाहा. फार ठिकाणी येते.

बटणांचा आकार: अँड्रॉइडची शिफारस ४८ डीपी, अ‍ॅपलची ४४ पॉइंट. 'अधिक' आणि 'उणे' ही डझन वाढवायची चिन्हे थीममध्ये याच्या निम्मी असतात. वयस्कर ग्राहक तिथेच अडतात.

---

खरेदीखाते

दर्यावर्दी, छोट्या बागेला तुमचा मार्ग योग्य आहे. पण एप्रिलच्या मध्यावर एका दिवशी पन्नास चौकशा आल्या की व्हॉट्सअ‍ॅपवर पत्ते आणि पैसे यांचा मेळ बसत नाही, आणि दोन तास उत्तर मिळाले नाही की माणूस दुसरीकडे ऑर्डर देतो. म्हणून दोन्ही ठेवावे: टोपली मुख्य आणि व्हॉट्सअ‍ॅप शंकांसाठी, खाली 'सकाळी ९ ते रात्री ८' अशी वेळ लिहून.

एक राहिले. देवगडच्या नावाने बाहेरचा आंबा विकला जातो हे ग्राहकाला ठाऊक असते, त्यामुळे विश्वासाची माहिती पहिल्या पानावर हवी. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. बागेची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असेल तर तो नोंदणी क्रमांक भावाच्या तक्त्याखाली लिहा. गावासह पूर्ण पत्ता, चालू फोन नंबर आणि फळ खराब निघाले तर काय करणार (किती तासांत फोटो पाठवायचा, पैसे परत की बदली फळ) हे तीन ओळींत. कुटुंबाची माहिती छान आहे, फक्त ती भावाच्या खाली जाऊ द्या.

---

बाग_देवगड

हे सगळे उतरवून घेतले. शेवटचा प्रश्न: पानांचे पत्ते मराठीत आहेत, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले की टक्केवारीच्या चिन्हांची लांबलचक रांग दिसते. ते बदलले तर जुने दुवे मोडतील का? आणि कामांचा क्रम काय लावू?

---

कळफलक

पत्ते रोमन लिपीत करा. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह पत्त्यात ९ अक्षरांचे होते. 'हापूस' मध्ये पाच चिन्हे, म्हणजे ४५ अक्षरे. त्यात वर्डप्रेस पत्त्याचा हा भाग २०० अक्षरांवर तोडते, म्हणजे साधारण बावीस चिन्हांनंतर मराठी शीर्षक कापले जाते. लोक अशा दुव्याला फसवा समजून हात लावत नाहीत.

जुन्या दुव्यांचे असे: लेख आणि उत्पादने यांचा पत्ता बदलला तर वर्डप्रेस जुन्यावरून नव्याकडे स्वतः पाठवते. 'पाने' या प्रकाराला मात्र ही सोय नाही. त्यांच्यासाठी रिडायरेक्शन हे मोफत प्लगइन घ्या आणि प्रत्येक जुन्या पत्त्याला कायमचे, म्हणजे ३०१ प्रकारचे, वळण द्या. दुवा पाठवल्यावर दिसणारे चित्रही त्याच वेळी नेमा: १२०० बाय ६३०, ३०० केबीच्या आत.

क्रम असा लावा. पहिल्या दिवशी दोन्ही पॉपअप बंद, खात्याची सक्ती बंद, भावाचा तक्ता वर. या तिघांना कोड लागत नाही. मग स्लायडर आणि फोटो. त्यानंतर फॉर्मचे रकाने आणि देवनागरी आकड्यांची दुरुस्ती, त्यासाठी कोड लिहिणारा माणूस लागेल. गेटवेचा अर्ज मात्र आजच टाका, बाकीचे चालू असताना त्याची मंजुरी येत राहील. पत्ते शेवटी, आणि हंगाम सुरू होण्याच्या किमान महिनाभर आधी, म्हणजे गूगलला नवे पत्ते कळायला वेळ मिळेल.

प्रत्येक टप्प्यानंतर पेजस्पीड इनसाइट्समध्ये मोबाइलची चाचणी घ्या. वरच्या भागात खऱ्या पाहुण्यांचे २८ दिवसांचे आकडे येतात, पण लहान साइटला ते बहुधा रिकामे दिसतात. तेव्हा खालच्या प्रयोगशाळेतल्या आकड्यांवर काम करा. तीन वेळा चालवून मधला आकडा घ्या, कारण एकेका चाचणीत फरक पडतो. आणि एक चाचणी साधनाशिवाय: स्वस्तातला अँड्रॉइड फोन, मोबाइल डेटा, वायफाय बंद, क्रोमची खासगी खिडकी, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दुव्यापासून पैसे भरण्यापर्यंत पूर्ण ऑर्डर. ज्याने साइट बांधली त्याने ती देऊ नये, घरातल्या दुसऱ्या कोणाला द्यायला सांगा आणि मध्ये काहीही सुचवू नका. जिथे त्यांचे बोट थांबेल ती जागा लिहून ठेवा.